शेड कार्ड मिटा, आधी पत्रा बघा!

जुनी कॉन्टेसा पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटली की इंजिनाची चर्चा आठवडाभर चालते आणि रंगाची सहा महिने! किकवीच्या एका शेडमध्ये घालवलेल्या शनिवारांची ही गोष्ट.

शनिवारची सकाळ. आठवडाभराच्या मीटिंगा, डेडलाइन्स आणि बॉसचे मेल्स कात्रजच्या बोगद्यापलीकडे सोडून बाबा आणि मी सातारा रोडला लागलो. खेड-शिवापूरचा टोलनाका, नसरापूर फाटा, कापूरहोळ... आणि मग किकवी. पुण्यापासून जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. महाबळेश्वरला निघालेल्या बहुतेक गाड्या या गावाकडे ढुंकूनही न बघता सुसाट पुढे जातात. आम्हीही इतकी वर्षं तेच केलं. आज मात्र इथेच उतरायचं होतं.

हायवेपासून थोडं आत, भाताच्या खाचरांच्या कडेला एक पत्र्याची शेड. आत लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, चाकं, काचा, बंपर सगळं उतरवलेली आमची कॉन्टेसा. पुण्यातल्या गॅरेजवाल्यांना गाडी तीन दिवसांत आत-बाहेर व्हायला हवी असते. सहा महिने उभी राहणाऱ्या गाडीला शहरात जागा कोण देणार? म्हणून ही शेड.

"ताई, कलर फायनल झाला का?" पेंटर मामांनी विचारलं.

माझ्या हातात शेड कार्ड होतं आणि मोबाइलमध्ये नेटवरून उतरवलेले बावीस फोटो. बेंगळुरूहून धाकट्या भावाचा मेसेज आला होता, "ब्लॅक. फुल ब्लॅक. बॉनेटवर दोन लाल पट्टे. विषय संपला." बाबांचं म्हणणं त्याहून छोटं, "गाडी पांढरी आहे. पांढरीच राहील." आणि मला हवं होतं काहीतरी हटके. म्हणजे नक्की काय, ते मलाही माहीत नव्हतं!

मामांनी शेड कार्ड माझ्या हातातून घेतलं, मिटलं आणि बाकावर ठेवलं. "हे शेवटी. आधी पत्रा बघू."

आपली देशी 'मसल कार'

आधी थोडी ओळख. मसल कार हा खरा अमेरिकन प्रकार. 1964 साली आलेली पाँटिअ‍ॅक जीटीओ ही या घराण्यातली थोरली मानली जाते. त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली. लांबलचक बॉनेट, आत भलंमोठं इंजिन आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की मान मागे! जीटीओचं इंजिन तब्बल 6.4 लिटरचं, ताकद 325 अश्वशक्ती. रंगही तसेच दणदणीत. 1970 च्या सुमारास डॉजच्या गाड्यांना चक्क 'प्लम क्रेझी' नावाचा जांभळा आणि 'गो मँगो' नावाचा केशरी रंग मिळायचा. हापूसवाल्या कोकणाला जे सुचलं नाही ते डेट्रॉइटला सुचलं!

आपल्याकडे या सगळ्याच्या जवळ जाणारं काही होतं का? होती ना, कॉन्टेसा. हिंदुस्तान मोटर्सने 1984 मध्ये ती पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथल्या कारखान्यात बनवायला सुरुवात केली. मूळ डिझाइन इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हिक्टर या सत्तरच्या दशकातल्या गाडीचं. रुंद अंग, लांब नाक, दिसायला एकदम दादा. पण सुरुवातीला आत इंजिन होतं ॲम्बॅसिडरचंच, दीड लिटरचं, पन्नास अश्वशक्तीच्या आसपास. थोडक्यात, पैलवानाची छाती आणि शाळकरी पोराचे पाय! पुढे 1.8 लिटरचं इसुझु इंजिन आलं आणि गाडीच्या अंगात जीव आला. तरी आकडा शंभरच्या आतच. 2002 मध्ये उत्पादन थांबलं.

म्हणजे कॉन्टेसा 'मसल' वाटते ती तिच्या देहामुळे. आणि देहावरच सगळं असेल तर रंगाचा प्रश्न मोठा होतो. बाबांनी आमची गाडी 1997 साली सेकंडहँड घेतली, 1990 चं मॉडेल. माझी दहावी, भावाचं मौंजीबंधन, आजीला शेवटचं हॉस्पिटलमध्ये नेणं, सगळं त्याच गाडीतून. गेली काही वर्षं ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसती उभी होती. गेल्या मे महिन्यात ती ट्रकवर चढवून इथे आणली.

झाडाची वर्तुळं असतात तशी...

मामांनी खिशातून एक लोहचुंबक काढलं. फ्रिजवर लावतात तसलंच, साधं. त्याला फडकं गुंडाळून ते गाडीवरून फिरवायला लागले. बॉनेटवर ते घट्ट चिकटलं. डाव्या मागच्या दाराच्या खालच्या बाजूला मात्र गळून पडलं. "इथे पत्रा नाही. लांबी आहे, बोटभर." लांबी म्हणजे पुट्टी. पोचा आलेला पत्रा ठोकून सरळ करण्यापेक्षा त्यात लांबी भरून वरून रंग मारणं सोपं असतं. थर पातळ असेल तर हरकत नाही, पण तीन मिलिमीटरच्या वर गेला की तो कधीतरी तडकणार. मग त्याच्या आड पाणी शिरणार आणि पाण्यामागून गंज येणार.

मग मामांनी छताच्या मागच्या कडेला पाणी पेपर घेतला, 400 नंबरचा, आणि रुपयाच्या नाण्याएवढी जागा हळूहळू घासली. मधोमध पत्रा चमकला आणि भोवती झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वर्तुळं उमटली. सगळ्यात बाहेर आमचा पांढरा. त्याच्या आत करडा प्रायमर. त्याच्या आत एक पातळ निळं कडं, त्याच्या आत कंपनीचा प्रायमर आणि मग लोखंड.

निळं? बाबा वाकून बघत राहिले. जुन्या आंतरदेशीय पत्राचा असतो ना, तसा फिका निळा.

"काका, तुमची गाडी जन्माला निळी आली," मामा म्हणाले. "पांढरी कुणीतरी तुमच्या आधी केली."

रिस्टोरेशनच्या जगात हा पहिला प्रश्न असतो. मूळ रंग शिल्लक आहे का? असेल तर तो शक्यतो घालवू नये. रबिंग-पॉलिश करून निभावत असेल तर निभवावं. 1968 च्या 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग जानेवारी 2020 मध्ये लिलावात 37 लाख 40 हजार डॉलरना गेली, ती नवा रंग न मारता. ओरखडे, गंज आणि विटलेल्या रंगासकट! रंग कधीही नव्याने मारता येतो, पण कारखान्यातला रंग गाडीला एकदाच मिळतो. आमच्या बाबतीत मात्र वरचा रंग मूळ नव्हता आणि खाली पत्रा कुजत होता. म्हणजे सगळं खरवडणं आलंच.

काळा का नाही?

भावाची बाजू मी प्रामाणिकपणे मांडली. मामा हसले. शेडमधला बल्ब त्यांनी बॉनेटच्या पातळीला आडवा धरला. "आता तिरकं बघा." सपाट वाटणाऱ्या बॉनेटवर लाटा दिसायला लागल्या. एखाद्या तळ्यावर वारा सुटावा तशा.

काळा रंग आरशासारखा असतो. पत्र्यातली प्रत्येक लाट, प्रत्येक पोचा तो मोठा करून दाखवतो. पांढरा आणि फिके रंग बरंच पोटात घालतात. कॉन्टेसाचे पत्रे मोठे आणि सपाट, त्यामुळे काळा मारायचा तर आधी पत्र्यावर दुप्पट मेहनत. घासायचं, बघायचं, पुन्हा घासायचं. ते केलंत तर काळ्यासारखा देखणा रंग नाही. नाही केलंत तर तीच गाडी उन्हात उभी राहिली की तुमची लाज काढणार. शिवाय काळी गाडी उन्हात जास्त तापते आणि पुण्याची धूळ तिच्यावर दहा मिनिटांत दिसते. आमची गाडी उभी राहणार सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये, कबुतरांच्या कृपाछत्राखाली!

मग मी हळूच मेटॅलिकचा विषय काढला. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, पर्लमध्ये अभ्रकाचे. ऊन पडलं की ते चमकतात. पण हे कण कसे बसतात ते गनचं प्रेशर, अंतर आणि हाताचा वेग यावर ठरतं. म्हणून उद्या एखाद्या रिक्षावाल्याने फक्त दाराला घासलं तर नुसतं दार रंगवून भागत नाही. डबा तोच असला तरी शेजारचा पत्रा वेगळा दिसू शकतो. साध्या, म्हणजे सॉलिड रंगात टच-अप बराच लपतो. शिवाय नव्वद सालच्या गाडीवर आजचा झगझगीत पर्ल म्हणजे आजोबांच्या अंगावर नातवाचं जॅकेट. हौस असेल तर घालावं, पण लोक बघणार ते जॅकेटकडे.

दुपारपर्यंत माझ्या बावीस फोटोंपैकी एकोणीस बाद झाले होते. गंमत म्हणजे एकही रंग 'आवडला नाही' म्हणून बाद झाला नव्हता.

एनसी की पीयू?

आपण शेड निवडतो तेव्हा खरं तर दोन गोष्टी निवडत असतो, रंग आणि रंगाची जात. ही दुसरी गोष्ट बहुतेक जण विचारतच नाहीत.

जुन्या गॅरेजमध्ये एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज पेंट चालायचा. त्याची कहाणी मजेशीर आहे. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. इतर कंपन्या रंगीत गाड्या करायच्या, पण रंग वाळायला दिवसच्या दिवस लागायचे. 1920 च्या दशकात ड्युपाँट कंपनीचा 'ड्युको' आला आणि हे काम तासांवर आलं. आजही आपल्याकडचे जुने कारागीर एनसीला सरसकट 'ड्युको'च म्हणतात. तो लवकर वाळतो, घासून पॉलिश केला की छान मऊ चमक येते. पण ती चमक उन्हात लवकर विटते आणि पेट्रोल सांडलं तर डाग पडतो.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हा रंग हार्डनर मिसळून मारतात. तो नुसता वाळत नाही, रासायनिक क्रियेने घट्ट होतो. त्यामुळे तो टिकाऊ, उन्हापावसाला दाद न देणारा. मेटॅलिकला रंगाच्या थरावर पारदर्शक क्लिअर कोट लागतोच. सॉलिड रंग मात्र क्लिअरशिवायही, एकाच जातीच्या थरात मारता येतो. जुन्या गाड्यांना हा सरळ, खोल रंग जास्त शोभतो.

आणि आपल्या गाडीवर आधी काय आहे ते कसं ओळखायचं? पांढऱ्या फडक्यावर थिनर घ्या आणि कोपऱ्यात चोळा. रंग फडक्यावर उतरला तर बहुधा एनसी. त्यावर थेट पीयू मारला तर खालचा थर सुरकुत्या पडून उचलला जाऊ शकतो. आमचा पांढरा फडक्यावर उतरला. म्हणजे खरवडण्यावर शिक्कामोर्तब!

आता पीयूची दुसरी बाजू. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवारा मारताना ती श्वासातून आत गेली तर दमा होऊ शकतो, आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की पुढे थोडासा वासही पुरतो. मामांनी स्वतः पीयूची गन हातात घेणं सोडलंय. ते पत्रा ठोकतात, घासतात, रंग जुळवतात. फवारणी त्यांचा भाचा करतो. तोंडाला रुमाल बांधून.

"रुमालाने काय होतंय?" मी विचारलं.

"समाधान होतंय," मामा म्हणाले.

तिथे मला पहिल्यांदा जाणवलं की रंग मी निवडणार, गाडी बाबा चालवणार, पण डब्यातलं जे काही आहे ते आत घेणारा तिसराच आहे. रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क या वाफा अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीची कार्ट्रिज असलेला पूर्ण मास्क लागतो, आणि बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा असेल तर उत्तम. पुढच्या शनिवारी मी कार्ट्रिजवाला मास्क आणि बदलायच्या कार्ट्रिज घेऊन गेले. पूर्ण रिस्टोरेशनच्या खर्चात ती रक्कम कुठल्या कुठे हरवते. भाच्याने आधी तो लाजत घातला, मग सेल्फी काढला.

आरसी बुकातला ट्विस्ट

पावसाळा आला. भोर भागातला पाऊस म्हणजे विचारू नका! दमट हवेत एनसी दुधाळ पडतो आणि पीयूला पाण्याचा अंश लागला की बारीक फोड येऊ शकतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर फक्त पत्र्याचं काम. कुजलेला पत्रा कापला, नवा जोडला, उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर चढला.

याच काळात फिटनेस आणि री-रजिस्ट्रेशनची कागदपत्रं काढायला मी बाबांची फाइल उघडली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. जुनं आरसी बुक हातात आलं. 'कलर' या रकान्यात लिहिलं होतं, ब्लू.

म्हणजे आधीच्या मालकाने गाडी पांढरी केली, पण आरटीओला कळवलंच नाही. आणि आमच्याही ते कधी लक्षात आलं नाही!

"म्हणजे इतकी वर्षं मी कागदावर निळी गाडी पांढरी म्हणून चालवली?" बाबांनी चष्मा काढून विचारलं. ते बँकेतून रिटायर झालेत. एका रुपयाचा हिशेब लागला नाही तर त्यांना झोप लागत नाही.

रंग बदलायचा असेल तर आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. ते काही अवघड नाही, पण करावं लागतं. मूळ रूप जपण्याला आता कागदोपत्रीही मोल आलंय. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. आमच्या कॉन्टेसाला त्यासाठी 2040 उजाडावं लागेल. पण तोवर थांबायची आपली तयारी आहे!

आता मामला सोपा झाला होता. पत्रा म्हणत होता फिका रंग. पार्किंग म्हणत होतं सॉलिड. आरसी बुक म्हणत होतं निळा. फक्त बाबा काहीच म्हणत नव्हते.

घरी परतताना खेड-शिवापूरच्या रांगेत ते बोलले. "तुझी आजी त्या गाडीला 'पांढरी' म्हणायची. 'पांढरी काढ रे' असं." बस, एवढंच.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीला लोक पद्मिनी कमी आणि काळी-पिवळी जास्त म्हणायचे. ऑक्टोबर 2023 अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली तेव्हा लोक हळहळले ते त्या दोन रंगांसाठीच. रंग हे गाडीचं घरातलं नाव असतं. ते बदलायचं तर घरच्यांना विचारावं लागतं.

मी मामांना फोन केला. त्यांनी एका मिनिटात तोडगा सांगितला.

दिवाळीनंतर...

डॅशबोर्डमागची एक छोटी पट्टी, जिला तीस-पस्तीस वर्षांत ऊन लागलं नव्हतं, ती काढून मी नाना पेठेतल्या पेंटच्या दुकानात नेली. तिच्यावरून मशिनने निळा जुळवला. मामांनी तो आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर मारला आणि तो तुकडा आम्ही सकाळच्या उन्हात, दुपारच्या सावलीत आणि रात्री ट्यूबलाइटखाली पाहिला. तीनही वेळा वेगळा दिसला. एकदा काळ्याचा थेंब वाढवला, एकदा कमी केला. तिसऱ्या वेळी बाबा म्हणाले, "हा."

नोव्हेंबरमधली सकाळ. दव वाळल्यावर आणि वारा सुटायच्या आधी, साधारण दहाच्या सुमाराला. शेजारी भाताची मळणी होती, ती त्या दिवशी दुपारपर्यंत थांबवायची मामांनी विनंती करून ठेवली होती. शेडच्या जमिनीवर पाणी मारून धूळ बसवली. भाच्याने मास्क चढवला. दोन थर, मध्ये पंधरा मिनिटं.

आणि तोडगा? डिकीचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, वहीच्या पानाएवढा चौकोन आहे. तिथला पत्रा चांगला होता, म्हणून मामांनी तो खरवडलाच नाही. भोवती चिकटपट्टी लावून जुना पांढरा तसाच ठेवलाय.

गाडी जोडून झाली त्या शनिवारी बाबांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. निळ्या बॉनेटवर हात ठेवला नाही. मग डिकी उघडली, तो चौकोन पाहिला आणि म्हणाले, "चला. चावी द्या."

भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "लाल पट्टे???"

पुण्याला पोचल्यावर, गाडीवर कव्हर घालता घालता बाबा म्हणाले, "पुढच्या शनिवारी पुन्हा किकवीला जाऊन येऊ. मामांना दाखवायला."

"बाबा, रंग त्यांनीच मारलाय."

"म्हणूनच," बाबा म्हणाले.

डबा उघडण्याआधी...

* चुंबक फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी आहे. रंगाचं बजेट ठरवण्याआधी पत्र्याचं ठरवा. डब्यापेक्षा मजुरीच जास्त जाते.

* एका कोपऱ्यात घासून खालचे थर बघा. मूळ रंग चांगला असेल तर आधी पॉलिशचा विचार करा.

* गाडी कुठे उभी राहणार? उघड्यावर असेल तर काळा आणि गडद रंग दहा वेळा विचार करून.

* शेड कार्डावरून थेट ऑर्डर नको. पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून ऊन, सावली आणि ट्यूबलाइटमध्ये बघा.

* रंगाचा कोड आणि मिश्रणाचं प्रमाण लिहून घ्या. पाच वर्षांनी टच-अप करताना तेच कामाला येईल.

* आरसीवरचा रंग तपासा. बदलणार असाल तर आरटीओची नोंद करा.

* पावसाळ्यात फवारणी टाळा. नव्या रंगावर महिनाभर तरी वॅक्स नको.

* पेंटरकडे योग्य मास्क आहे का, हे विचारा. नसेल तर घेऊन जा.